सहा नंबरचा बेड सोडून

"हात," साळवे सिस्टर म्हणाल्या.

मी नुकताच बाहेरच्या बेसिनवर हात धुऊन आलो होतो, तेही कोपरापर्यंत. तसं सांगितलंही. पण सिस्टर आयसीयूच्या दारातून तसूभर हलल्या नाहीत. "माझ्यासमोर धुवा, डॉक्टर. मी पाहिलं नाही म्हणजे झालं नाही." मग काय, धुतले परत. माझा बाप आत चार नंबरच्या बेडवर पडला होता, तरी सवलत नाही. या बाईंनी एकदा आमच्या ट्रस्टींनाही नातेवाइकांसमोर असंच बेसिनकडे पिटाळलं होतं, आणि ते मुकाट्यानं गेले होते.

आता आई राहिली नाही, म्हणून हे सांगायला हरकत नाही. सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलातली ही गोष्ट. मी तिथल्या लॅबमध्ये संशोधन करत होतो. बुरशी औषधांना दाद का देईनाशी होते, हा माझा विषय. घरी त्याची भरपूर चेष्टा व्हायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, आल्यागेल्याला सांगायचे, "आमचा सोमनाथ डॉक्टर आहे, पण लोणच्याचा." म्हणजे बरणीवर बुरा आला की याला बोलवा.

त्या अण्णांचं आतडं फुटलं. ऑपरेशन झालं, चार दिवस यमाच्या दारात बसून परत आले, श्वासाची नळी निघाली, बोलायला लागले. पोटातून खाणं सुरू झालेलं नव्हतं, म्हणून मानेजवळच्या शिरेत एक नळी तेवढी ठेवलेली होती. सगळं त्यातूनच जायचं. आठवड्याभरात वॉर्डात हलवू, असं सर्जन म्हणाले होते. आई बाहेरच्या बाकावर बसून असायची, डबा कोणासाठी आणते हे तिचं तिलाच माहीत.

आणि अशात दोन नंबरच्या बेडवरच्या बाई गेल्या. त्यांच्या रक्तात जी बुरशी सापडली ती माझ्या अभ्यासातलीच निघाली. कँडिडा ऑरिस तिचं नाव. अंगावर बसली तर माणसाला पत्ताही लागत नाही. खाज नाही, डाग नाही, काही नाही. पण शिरेतल्या नळीच्या कडेकडेनं रक्तात उतरली, की निम्मी माणसं हाताला लागत नाहीत. नेहमीची औषधं तिला पाण्यासारखी. एक महागडं इंजेक्शन तेवढं उरतं. दोन नंबरच्या बाईंची बुरशी त्या इंजेक्शनलाही जुमानत नव्हती. इतकी वर्षं मी जे कागदावर वाचत होतो, ते आता माझ्या बापापासून दोन बेडांवर येऊन बसलं होतं.

लॅबच्या प्रमुख बिराजदार मॅडम. त्यांनी दार लावून घेतलं आणि मला खुर्चीवर बसवलं.

"ही बाहेरून उडत येत नाही, सोमनाथ. आत कुठंतरी ठाण मांडून बसली आहे, आणि कोणीतरी रोज हातानं तिला पेशंटपर्यंत पोचवतंय. कुठं बसली आहे ते शोध. वडील आत आहेत म्हणून तुला बाजूला ठेवायला पाहिजे खरं तर. पण तुझ्याइतकं जीव तोडून दुसरं कोण शोधणार?"

मी सगळं पुसून आणलं. बेडच्या कडा, नळ, स्टेथोस्कोप, बीपीचे पट्टे, थर्मामीटर, व्हेंटिलेटरची बटणं, टेलिफोन, दाराची मूठ. कापसाचा बोळा लावलेली काडी घेऊन मी अख्खी आयसीयू उंदरासारखी हुंगून काढली. मग पेशंट. प्रत्येकाच्या काखेत आणि जांघेत काडी फिरवायची. अण्णांच्या काखेत फिरवली तर त्यांना गुदगुल्या झाल्या, टाक्यांवर हात धरून हसले. "लोणचं चांगलं मुरलंय का बघ," म्हणाले. चार दिवसांपूर्वी गेलेलाच धरलेला माणूस असा चेष्टा करतोय, या आनंदात मी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि पुढच्या बेडकडे वळलो.

सहा नंबरला रूथ होती. रूथ म्हणजे साळवे सिस्टरांची एकुलती एक लेक. बाळंतपणात अतोनात रक्त गेलं, तिला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं होतं. बाळ तिच्या सासूकडे. ती अण्णांच्या आधीपासून तिथं होती. सिस्टर रोज स्वतःची ड्यूटी करायच्या आणि ड्यूटी संपली की एप्रन काढून लेकीशेजारी स्टुलावर बसायच्या.

बुरशी वाढायला वेळ घेते. ते दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. रिझल्ट आले तेव्हा मी ते दोनदा ताडून पाहिले. वस्तू सगळ्या स्वच्छ. नळ स्वच्छ, मुठी स्वच्छ, थर्मामीटर स्वच्छ. आणि माणसं? सहा नंबरचा बेड सोडून प्रत्येक पेशंटच्या अंगावर ती होती. अण्णांच्याही.

रक्तात नव्हती, फक्त कातडीवर होती, अजून वेळ होता, हे मला शास्त्र म्हणून कळत होतं. पण परवापरवा हसलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर दिसत होता, आणि त्याच्या मानेतली ती नळी.

मग कुजबुज सुरू झाली. आयसीयूतल्या एका शिकाऊ डॉक्टरनं मला कॉफी पाजत सांगितलं, की त्यात नवल काय, सिस्टरांनी लेकीसाठी सगळं वेगळं ठेवलं असणार. चादरी वेगळ्या, भांडी वेगळी, पुसणी वेगळी. आम्हाला मेलं तरी हात धुवा म्हणतात आणि आपलं लेकरू तेवढं सांभाळतात. एरवी मी असल्या बोलण्याला भीक घातली नसती. पण त्या दिवशी ते माझ्या डोक्यात घुसलं. सगळ्यांच्या अंगावर आणि हिच्याच अंगावर नाही, हे काय देवानं केलं? मला इतका संताप आला, की मी मॅडमना म्हटलं, मी आत्ता जाऊन विचारतो. मॅडम म्हणाल्या, विचारू नकोस, बघ. एक दिवस नुसता तिथं उभा राहा आणि बघ.

उभा राहिलो. सकाळपासून भिंतीला टेकून उभा. सिस्टरांना वाटलं, बापासाठी थांबलाय. मी त्यांच्या हातांवरची नजर काढली नाही. काय सांगू तुम्हाला, त्या बाईंच्या हातात खोट काढायला जागा नव्हती. एका पेशंटपासून दुसऱ्याकडे जाताना हातमोजे बदलले, हात धुतले, नवे घातले. रूथला पुसलं तेही त्याच पुसण्यांच्या गठ्ठ्यातून, रूथची चादर आली तीही सगळ्यांच्याच ढिगातून. वेगळं काही म्हणजे काही नाही. दुपार झाली, माझे पाय भरून आले आणि मला स्वतःचीच लाज वाटायला लागली.

संध्याकाळी भेटीची वेळ झाली. आत कोणाला सोडत नसत. नातेवाईक दारातल्या काचेतून बघायचे आणि सिस्टर बाहेर जाऊन एकेकाला पेशंटची खबर द्यायच्या. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत कागदाच्या पुड्या होत्या. त्यातली एक आईची. आई रोज सिद्धेश्वराचा अंगारा आणायची, हे मला माहीत होतं. मला वाटायचं, सिस्टर पुडी उशाखाली ठेवून देत असतील.

सिस्टरांनी औषधांच्या ट्रॉलीचा खालचा कप्पा उघडला. त्यातून एक चपटी स्टीलची डबी काढली. सगळ्या पुड्या तिच्यात रिकाम्या केल्या. मग उजव्या हातातला मोजा काढला. त्या उघड्या हाताचा अंगठा डबीत बुडवला, एक नंबरच्या म्हाताऱ्याच्या कपाळावर टेकवला, वर ओढला. पुन्हा डबीत. मग तीन नंबर. पुन्हा डबीत. मग चार नंबर.

अण्णांनी डोळे मिटून कपाळ पुढं केलं. लहान मूल करतं ना, तसं.

मी भिंत सोडून पुढं झालो, तोवर पाच नंबरला लावून झालं. सहा नंबरपाशी सिस्टर थांबल्या, लेकीच्या केसांवरून डावा, मोजा घातलेला हात फिरवला, आणि तिच्या कपाळाला काही न लावता सात नंबरकडे गेल्या.

"सिस्टर," मी म्हणालो, "हे काय आहे?"

त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "अंगारा. लोक देतात ना पेशंटला लावायला."

त्यांनी सगळं सरळ सांगितलं, लपवण्यासारखं त्यांना त्यात काही वाटतच नव्हतं. आत येऊ न शकणारी माणसं काचेबाहेर रडत उभी असतात, हातात पुडी देतात, एवढं लावा म्हणतात. आधी त्या प्रत्येकाची पुडी उशाशी ठेवायच्या. पण पुड्या फाटायच्या, चादरीबरोबर धुवायला जायच्या, सांडायच्या. म्हणून घरून डबी आणली. सिद्धेश्वराचा अंगारा, तुळजापूरचं कुंकू, खंडोबाचा भंडारा, दर्ग्यातली उदाची राख, सगळं एकत्र. "कोणाचं कोणाला लागलं तरी देव काही आपसांत भांडत नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि मी लावीन म्हणून शब्द दिला, तो पाळायला नको?"

"मोजा का काढता?"

"अंगारा मोजे घालून लावतात होय, डॉक्टर? मी ख्रिस्ती आहे, पण एवढं मला कळतं. लोक मनापासून देतात. आणि मोजा काढल्यावर हात धुतेच की मी. आधीही धुते, नंतरही धुते."

"आणि रूथला?"

"ती आमच्यातली. तिच्यासाठी मी प्रार्थना करते."

मी डबी मागितली. का हवी ते त्यांनी विचारलं नाही, माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं असावं. देताना एवढंच म्हणाल्या, की टाकून देऊ नका हं, लोकांची श्रद्धा आहे त्यात.

मॅडमनी डबीकडे बघितलं आणि मान हलवली. राखेत काही जगत नाही, असं त्यांचं म्हणणं. एरवी माझंही तेच असतं. पण ती नुसती राख नव्हती. कित्येक महिन्यांच्या कपाळांचा घाम, तेल, कुंकू, हळद, सगळं मिसळून त्याचा ओलसर लगदा तळाला बसला होता. मी त्यातून काडी फिरवली. त्यानंतर मी डबी आयसीयूत परत जाऊ दिली नाही. सिस्टरांना म्हटलं, रिझल्ट येईपर्यंत कोणालाच काही लावायचं नाही. त्या हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना हुडहुडी भरली. दात वाजत होते, पलंग हलत होता. मी त्यांचा हात धरून बसलो, तर म्हणाले, "एवढी थंडी मला माळशेज घाटात पण वाजली नव्हती." रक्त तपासायला घेतलं, मानेतली नळी काढली, ते महागडं इंजेक्शन चालू केलं. लागू पडेल, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होतो. दोन नंबरच्या बाईंचा रिपोर्ट माझ्याच हातचा होता, तरी म्हणत होतो.

अण्णांचं रक्त आणि सिस्टरांची डबी, दोन्हींचा रिझल्ट बरोबरच आला. दोन्हीकडे तीच. कुठलं औषध चालतं ते बघितलं, तर दोन्हीकडे सारखंच: काही चालत नव्हतं. कोणत्या तरी पेशंटनं कधी तरी दुसऱ्या हॉस्पिटलातून ती अंगावर आणली, त्याच्या कपाळावरून ती अंगठ्यावर आली, अंगठ्यावरून डबीत गेली, आणि डबीतून रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या कपाळावर.

सिस्टरांना सांगायचं काम मॅडम करणार होत्या. मी म्हटलं, मीच सांगतो. स्टोअरच्या खोलीत त्या चादरींच्या घड्या घालत होत्या. मी सांगत गेलो, त्या घड्या घालत राहिल्या. दोन नंबरच्या बाईंचं नाव घेतलं तेव्हा हात थांबले.

"कोणाकोणाला आहे?"

"सगळ्यांना. एक सोडून."

"कोण?"

विचारता विचारताच त्यांना कळलं. चादर हातात तशीच धरून त्या खाली फरशीवरच बसल्या. एवढी दणकट बाई, ट्रस्टींना पिटाळणारी, पण अशी बसली की मला वाटलं आता ही उठणार नाही. मग म्हणाल्या, "तिला लावायला पाहिजे होता हो मी. सगळ्यांच्या लेकरांना लावला, माझ्या लेकराला नाही. आता कोणाला काय तोंड दाखवू?"

मी म्हणालो, असं काय बोलता, ती वाचली त्याचं तरी बरं वाटू द्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना ते बरं वाटत होतं, आणि वाटतंय म्हणूनच त्यांचा जीव जळत होता. ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्यानंतर त्या स्वतः उठून मॅडमकडे गेल्या, वरिष्ठांकडे गेल्या, सगळं कबूल केलं. मला काढून टाका म्हणाल्या. काढायचं की नाही ते नंतर बघू, आधी पेशंट सांभाळा, असं उत्तर मिळालं.

अण्णा उतरत गेले. आधी बोलणं गेलं, मग ओळख गेली. पुन्हा श्वासाची नळी घातली. इंजेक्शनाचा डोस वाढवून बघितला, दुसरं एक औषध पुण्याहून मागवून जोडीला दिलं. मी माझ्या आयुष्यात त्या बुरशीवर इतकं वाचलं होतं, इतकं लिहिलं होतं, आणि माझ्या बापाच्या शिरेत ती आरामात वाढत होती. मला स्वतःच्या सगळ्या शिक्षणाची शिसारी आली.

आईला मी एवढंच सांगितलं होतं, की अण्णांना जंतुसंसर्ग झालाय. कुठून झाला ते तिनं विचारलं नाही. तिच्या डोक्यात दुसराच हिशोब चालू होता.

ती दुपार मला विसरता येत नाही. सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता आजचा दिवस निघाला तर निघाला. मी आईला कसं सांगावं या विचारात बाहेर आलो, तर दारातच ती साळवे सिस्टरांना अडवून उभी. उन्हात अनवाणी देवळात जाऊन आलेली; पाय भाजून लाल झालेले. हातात पुडी. आजूबाजूला बाकीच्यांचे नातेवाईक जमलेले.

"तुम्ही बंद केलंत," आई म्हणत होती. "काल पुडी दिली, परवा दिली, काचेतून बघतेय मी, ह्यांच्या कपाळाला काही नाही. तुम्ही लावत होतात तोवर माझा माणूस बोलत होता, हसत होता. बंद केलंत आणि पडला. खरं की खोटं?"

सिस्टर खाली बघत होत्या. आईचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं. लावत होत्या तोवर अण्णा हसत होते, बंद केल्यावर पडले.

"बोला की. कोणी सांगितलं बंद करायला?"

"आई, ऐक, त्या अंगाऱ्यातूनच..." मी पुढं झालो.

सिस्टरांनी माझी बाही धरली. इतकी घट्ट, की मला पुढचा शब्द काढता आला नाही. आणि आईकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कोणी नाही सांगितलं, मावशी. मीच बंद केला. आमच्या धर्मात बसत नाही."

आईला आधी ते कळलंच नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मग इतके दिवस लावलात तो?"

"ते माझं चुकलं."

"माणूस मरायला टेकल्यावर तुम्हाला धर्म आठवला?" आईचा आवाज फाटला. "काय बिघडलं असतं हो तुमचं, एक बोट टेकवलं असतंत तर?"

ही बाई खोटं बोलत होती. जिनं शब्द पाळायचा म्हणून परक्या देवांचा अंगारा उघड्या अंगठ्यानं लावला, ती सगळ्या गावासमोर स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेत होती. मी बाही सोडवायला गेलो. त्यांनी मला दोन पावलं मागं ओढलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माझं काय, मला चार दिवसांनी काढतील, मी घरी जाईन. त्यांनी रोज अनवाणी जाऊन ती पुडी आणली, डॉक्टर. नवऱ्यासाठी. हे कळल्यावर त्या जगतील का?"

मी बाही सोडवायचं थांबवलं.

"तुम्ही आत जा," त्या म्हणाल्या. "अण्णांजवळ कोणी नाही."

मी आत गेलो. दार माझ्यामागं लागलं. काचेपलीकडं आई तोंडाला येईल ते बोलत होती, बाकीचे लोकही बोलायला लागले होते, आणि साळवे सिस्टर हात जोडून ऐकून घेत होत्या.